आजीचे गोंदण राखणाऱ्या काकांस

नौपाडा, ठाणे

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आईच्या सहस्रचंद्रदर्शनाला हॉलच्या दाराशी मांडलेल्या आजीच्या तसबिरीसमोर आपण बराच वेळ उभे होतात, पण पाहुण्यांच्या गडबडीत आपले आभार मानायचे राहून गेले. ते या पत्राने मानतो, आणि घरच्या फोटोंसाठी सॉफ्टवेअर शोधणाऱ्या इतरांनाही आपला सल्ला कळावा म्हणून उघडपणे मानतो.

आजीचा जुना फोटो दुरुस्त करून ती तसबीर करायला कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, एवढेच विचारायला मी आलो होतो. स्टुडिओ बंद करून इतकी वर्षे झाली तरी आपण गिऱ्हाइकाला आधी गरज विचारता. माझ्याही हाती कागद देऊन वर्षभरातली कामे लिहायला लावलीत. जुने फोटो स्वच्छ करणे, उतरलेले रंग सुधारणे, मुलांचे पासपोर्ट फोटो आणि दिवाळीचे एखादे शुभेच्छापत्र, यापुढे माझी यादी सरकेना. अडोबीने 2013 मध्ये फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर देण्याचे ठरवले, हे सांगून आपण म्हणालात, "कुंडीतल्या तुळशीसाठी कोणी ट्रॅक्टर भाड्याने घेत नाही." एका मित्राने देऊ केलेली चोरीची प्रत मात्र आपण थट्टेवारी नेली नाहीत, तिच्यासोबत व्हायरस घरात येतो, असे स्पष्ट बजावलेत.

आपण सुचवलेले गिंप हे फोटो सुधारण्याचे सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी 1995 मध्ये लिहायला घेतले आणि ते आजही पूर्णपणे मोफत आहे. त्याचे मेनू पहिले आठ दिवस डोके उठवतात, हेही आपण लपवले नाहीत. छापखान्याच्या चार रंगांच्या कामात ते थोडे कमी पडते. पण फोटो लॅबला साधी जेपीईजी फाइल चालते, त्यामुळे माझे काही अडले नाही.

सॉफ्टवेअरइतकाच वेळ आपण स्कॅनिंगवर घालवलात, याचे तेव्हा मला नवल वाटले होते. चार बाय सहा इंचांचा फोटो 600 डीपीआयने (म्हणजे इंचाला 600 ठिपके) स्कॅन केला की 2400 बाय 3600 पिक्सेल मिळतात, आणि 300 डीपीआयने छापल्यास त्याचा आठ बाय बारा इंचांचा स्वच्छ प्रिंट निघतो. आजीची तसबीर नेमकी याच मापाची आहे. जेपीईजी दरवेळी नव्याने सेव्ह करताना थोडा तपशील गाळते, म्हणून मूळ स्कॅन तपशील न गाळणाऱ्या टिफ फाइलमध्ये वेगळा ठेवून काम गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ फाइलमध्ये करण्याची शिस्तही आपलीच.

आणि ते गोंदण! गालावरून पदरापर्यंत गेलेली घडी गिंपमधल्या डाग बुजवणाऱ्या हील टूलने पुसता पुसता हनुवटीवरचे तीन ठिपकेही धूळ समजून मी पुसून टाकले होते. आपण चष्मा कपाळावर सरकवून पडद्याजवळ गेलात आणि म्हणालात, "अरे, हे डाग नव्हेत, आजीचे गोंदण आहे." मूळ स्कॅन जपलेला असल्यामुळे ते तिन्ही ठिपके पुन्हा जागेवर आले. आईने तसबीर हातात घेतल्यावर प्रथम बोट ठेवले ते तिथेच.

आपल्या माळ्यावरच्या निगेटिव्हच्या डब्याचा विषय त्या दिवशी अर्धवट राहिला. निगेटिव्हसाठी मागून प्रकाश देणारा स्कॅनर लागतो. तो मिळाला की पहिला डबा आपलाच घेईन. आपण फक्त डब्यावरची धूळ झटकून ठेवावी.

आपला,
दुसऱ्या मजल्यावरचा शेजारी