खुब्याचा गोळा बदलताना

संपादक महोदय,

खुब्यात मांडीच्या हाडाची मान (गोळ्याखालचा अरुंद भाग) मोडून सरकली की हाडाच्या टोकावरील गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणून सत्तरीपुढच्या रुग्णांत बहुधा स्क्रू न मारता गोळाच बदलतात. गोळा ज्यात फिरतो ती कमरेच्या हाडातली वाटी मूळचीच राहते. नातेवाइकांची चर्चा मात्र ‘बायपोलर (गोळ्यात आणखी एक फिरता गोळा असलेला) की साधा’ यावरच अडते. किंमत सोडली तर दोन्हींच्या निकालात फारसा फरक नाही. विचारायला हवे ते हे, की गोळ्याचा हाडाच्या पोकळीत जाणारा दांडा सिमेंटने (हाडात भरायच्या खास लुकणाने) बसवणार का? 2022 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत सिमेंटवाल्या रुग्णांचे जीवनमान थोडे बरे राहिले, दांड्याभोवती हाड मोडण्याचे प्रकारही कमी झाले. बिनसिमेंटचा जुन्या धाटणीचा दांडा ठिसूळ हाडात सैल होतो आणि पाऊल टाकले की मांडी दुखते. सिमेंट दाबून भरताना रक्तदाब एकदम उतरू शकतो, हे खरे. त्यासाठी भूलतज्ज्ञाला आधी सांगून हाडाची पोकळी धुऊन कोरडी करतात.

शस्त्रक्रिया 48 तासांत व्हावी. ‘सोडियम जरा कमी आहे’, ‘इको (हृदयाची सोनोग्राफी) राहिलाय’ करत चार दिवस गेले की न्यूमोनिया, पाठीला जखमा, असंबद्ध बडबड सुरू. वर्षभरात चार-पाचांतला एक रुग्ण दगावतो, तो बहुतेकदा अशा आजारांनी. सांधा बिघडल्याने क्वचितच.

दुसऱ्या दिवशी वॉकरवर पूर्ण भार देऊन उभे करावे. मागून छेद घेतला असल्यास पहिले काही आठवडे पाट, मांडी घालणे, उकिडवे बसणे बंद. कमोडही उंच हवा. आणि डिस्चार्ज कार्डावर हाडांच्या ठिसूळपणाचे औषध लिहिले आहे का, ते घरी निघण्यापूर्वी बघा. बऱ्याचदा नुसते कॅल्शियम असते.

— एक अस्थिरोगतज्ज्ञ