क्रूझवरच्या जेवणाबद्दल, सगळ्यांनी वाचा

मंडळी, आपल्या रॉयल कॅरिबियन क्रूझच्या बुकिंगमध्ये डिनरचा पर्याय अजून बऱ्याच जणांनी टाकलेला नाहीये, तो लवकर टाका. पर्याय दोनच आहेत, ट्रॅडिशनल म्हणजे रोज ठरलेली वेळ, तेच टेबल, तोच वेटर, आणि माय टाइम म्हणजे आपल्या सोयीने अ‍ॅपवर रोजची वेळ बुक करायची, टेबल मात्र दरवेळी वेगळं मिळू शकतं. आपल्याला एकत्र बसायचं असेल तर सगळ्यांचा पर्याय एकच हवा आणि बुकिंग नंबर एकमेकांना लिंक केलेले हवेत, नाहीतर काका एका मजल्यावर आणि काकू दुसऱ्या मजल्यावर जेवतील. माझं मत ट्रॅडिशनल घ्या, दोन दिवसात वेटरला कळतं कोणाला कांदा-लसूण नको, कोणाला जेवताना गरम पाणी लागतं, आपल्या ज्येष्ठांना हे फार बरं पडतं. जैन जेवण हवं असेल त्यांनी आधीच कळवा, जहाजावर चढल्यावर सांगून धावपळ होते. आणि बंदरावर फिरून यायला उशीर झाला तर टेन्शन नको, जहाजावरच्या विंडजॅमर नावाच्या बुफेत टेबल बुक करावं लागत नाही, पैसेही वेगळे नाहीत. पर्याय टाकला की इथे नावासमोर लिहा.