‘फॅर’ म्हणजे केवळ ‘करणे’ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात हॉटेल व्यवस्थापनाचे शिक्षण घेणारी मुले आता फ्रेंचही शिकू लागली आहेत, याचा फ्रेंचची शिक्षिका म्हणून मला मनापासून आनंद आहे. मात्र त्यांच्या हाती पडणारी पुस्तके बहुधा इंग्रजीवरून बेतलेली असल्यामुळे मराठी मुलांना सहज उमगेल अशी गोष्टही विनाकारण अवघड होऊन बसते. ‘फॅर’ हे फ्रेंचमधील अगदी नित्याचे क्रियापद याचे ठळक उदाहरण आहे.

पुस्तकात त्याचा अर्थ ‘करणे’ एवढाच असतो. ‘फॅर ला क्वीझिन’ म्हणजे स्वयंपाक करणे, इथपर्यंत तो पुरतो. पण जेवण झाल्यावर फ्रेंच पाहुणा ‘सा फॅ काँब्यां?’ असे विचारतो, तेव्हा मुले गोंधळतात. वास्तविक मालवणच्या खानावळीत गल्ल्यापाशी उभे राहून आपणही ‘किती झाले?’ असेच विचारतो. ‘इल फॅ शो’ म्हणजे गरम होतंय, ‘इल फॅ न्वी’ म्हणजे रात्र झाली आणि ‘सा फॅ त्र्वा झां’ म्हणजे तीन वर्षे झाली. दोन आणि दोन चार होतात, तेही याच क्रियापदाने. थोडक्यात, फ्रेंच माणूस जिथे ‘फॅर’ वापरतो, तिथे आपल्याला अनेकदा ‘होणे’ हवे असते. इंग्रजीच्या वाटेने गेलेला विद्यार्थी मात्र ‘इट इज हॉट’चे शब्दशः भाषांतर करून ‘इल ए शो’ असे लिहितो आणि गुण गमावतो.

याच क्रियापदाला दुसरे क्रियापद जोडले की काम दुसऱ्याकडून करवून घेतल्याचा अर्थ येतो. कोकणात गवंड्याने चिरे रचले तरी मालक ‘मी घर बांधलं’ असे खुशाल म्हणतो. फ्रेंचमध्ये मात्र ‘फॅर काँस्त्र्वीर’, म्हणजे बांधून घेणे, असे म्हणण्याची रीत आहे. केस कापून घेणे, गाडी दुरुस्त करून घेणे हेही असेच. ‘करून घेणे’ आपल्या तोंडी असताना ते मुलांना इंग्रजीतून का समजवावे?

‘वू फॅत’ (तुम्ही करता) यासारखी अनियमित रूपे पाठच करावी लागतात, त्याला इलाज नाही. अर्थांचे मात्र तसे नाही. फ्रेंचची प्राथमिक पुस्तके थेट मराठीतून तयार व्हावीत आणि तोवर शिक्षकांनी फळ्यावर ‘फॅर’समोर ‘करणे’, ‘होणे’ आणि ‘करून घेणे’ हे तिन्ही अर्थ पहिल्याच तासाला लिहावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक फ्रेंच शिक्षिका, रत्नागिरी