पान ३४ पर्यंत हळद

आदरणीय बाई,
स. न. वि. वि.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं असतं तर चष्म्यावरून बघितलं असतंत, आणि त्या बघण्याला मी अजून भितो. परवा वाचनालयात गेलो तर तुमच्या खुर्चीवर दुसरंच कुणी. म्हणाले, बाई गेल्या महिन्यात निवृत्त झाल्या. परत करायचं पुस्तक हातात धरून मी काउंटरपाशी तसाच उभा. इतकी वर्षं येणंजाणं केलं आणि आभार मानायचे राहूनच गेले.

तुम्हाला आठवणार नाही. २०१८ चा हळदीचा हंगाम. मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानात दिवाणजी. त्या वर्षी माझं डोकं चोवीस तास तापलेलं. दुकानात हमालांवर ओरडायचो, मालाच्या हिशोबाची पट्टी न्यायला आलेल्या शेतकऱ्यावर ओरडायचो, घरी जाऊन भाजीत मीठ कमी म्हणून ओरडायचो. मुलगी दहावीत होती. दारात माझी चप्पल वाजली की ती आतल्या खोलीत.

मेहुण्यानं आग्रह करून दोन दिवसांच्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिराला पाठवलं. साडेतीन हजार फी. कोटातल्या गुरुजींनी हॉलभर माणसांना उभं केलं आणि छातीवर हात ठेवून ‘मी जिंकणार’ असं ओरडायला लावलं. बाई, ओरडायचं मला आधीच येत होतं की! येताना एक फाईल, एक पेन आणि पुढच्या शिबिराचा फॉर्म मिळाला. नातेवाइकांनी तर फुकटात सल्ले दिले, त्यातल्या एकानं पुष्कराजाची अंगठी सुचवली.

मग तुमच्याकडं आलो आणि राग आवरायचं पुस्तक मागितलं. ते तुम्ही दिलंत, वर व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ठेवलीत. माझ्या कार्डावर एकच पुस्तक मिळायचं. तुम्ही म्हणालात, “हे माझ्या नावावर.” मी मनात म्हटलं, कादंबऱ्या वाचायला आपण काय रिकामटेकडे आहोत?

दोन महिने पुस्तक गल्ल्याशेजारी पडून राहिलं. दुपारी सौदे संपले की चार पानं वाचायचो. पुढं आवक वाढली, वाचन बंद पडलं. शेवटी दंड भरायच्या तयारीनं दोन्ही पुस्तकं घेऊन आलो. तुम्ही कादंबरी चाळलीत. पानांच्या कोपऱ्यांवर माझ्या अंगठ्याचे पिवळे ठसे. आता पुस्तक खराब केलं म्हणून ऐकावं लागणार, असं समजून मी मान खाली घातली. तुम्ही पानं उलटत राहिलात आणि ठसे संपले तिथं थांबलात. पान ३४. टेबलावर सिटी बसचं एक जुनं तिकीट पडलं होतं, ते त्या पानात घातलंत आणि पुस्तक माझ्याकडं सरकवून एवढंच म्हणालात, “इथपर्यंत हळद आहे.”

वाचलं का विचारलं नाहीत, का नाही वाचलं तेही नाही. आणि लगेच मागच्या पोराची वही घेऊन शिक्का मारायला लागलात. माझ्या चुकीत मी कुठवर आलो होतो ते बघणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं.

राहिलेलं पुस्तक दोन रात्रींत संपवलं. शेवटी दुष्काळात ती मेंढपाळांची वाडी उठते, तिथं मला आमचा आटपाडीकडचा हमाल दिसायला लागला. अकरा वर्षं त्याची पोती मोजली, पण गाव का सोडलं हे कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चहा पाजून विचारलं. बहात्तरच्या दुष्काळात बापानं मेंढरं विकली आणि सगळ्यांना घेऊन सांगली गाठली. हा तेव्हा नऊ वर्षांचा. सांगताना तो पोत्याची सुतळी बोटाला गुंडाळत होता. त्या दिवशी पोती मोजताना माझा आकडा दोनदा चुकला.

सुधारलो असं म्हणवत नाही. गेल्या आठवड्यातच एका टेम्पोवाल्यावर ओरडलो. पण आता ओरडता ओरडता मध्येच वाटतं, हा सकाळी काय खाऊन निघाला असेल? आणि आवाज खाली येतो. रागाच्या पुस्तकात सगळं माझ्याबद्दलच होतं. तो विषय मला आधीच पाठ होता.

मुलगी आता पुण्यात शिकते. तिनं सांगितलं, यावर संशोधन झालंय. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं होतं की चांगली कथा वाचल्यावर माणसं नुसत्या डोळ्यांच्या फोटोवरून समोरच्याच्या मनातलं जरा बरं ओळखतात. पुढं दुसऱ्यांनी तेच करून बघितलं, तर तसं निघालं नाही. असेल बुवा. आमच्याकडं तर सकाळचा भाव दुपारी टिकत नाही. ती हे फोनवर वीस मिनिटं सांगत होती, माझ्याशी, हे मला पुरे आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा खालच्या रॅकमधली पुस्तकं गेली. ओसरल्यावर चिखलाचे गठ्ठे बाहेर काढताना तुम्हाला पाहिलं होतं, पदर खोचून, एकेक गठ्ठा दोन्ही हातांवर घेऊन ठेवत होता. त्यात ती हळदीची प्रतही गेली, हे नंतर रजिस्टरवरून कळलं.

तीच कादंबरी नवी आणून तुमच्या वाचनालयात दिली आहे. ३४ व्या पानात ते जपून ठेवलेलं तिकीट घातलंय. द्यायच्या आधी एकदा वाचली, हात धुऊनच, तरी कोपऱ्यांना थोडी हळद लागलीच. दंड किती झाला ते कळवा.

आपला,
मार्केट यार्डातला दिवाणजी