‘विणकाम’ म्हणजे नेमकं कोणतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावातल्या फलकावर ‘महिलांसाठी मोफत विणकाम प्रशिक्षण’ अशी सूचना लागली. मोहाडी तालुक्यात हा शब्द वाचला की आधी माग डोळ्यांपुढे येतो. ज्यांच्या घरचे खड्डामाग बंद पडून त्यांवर आता धानाची पोती ठेवली आहेत, अशा बाया हातातली कामं टाकून गेल्या. माझे सासरे, म्हणजे मामाजीही, मागोमाग आले. टेबलावर लोकरीचे गुंडे आणि क्रोशाच्या सुया. मामाजींनी एक सुई उचलून बघितली आणि विचारलं, “अन् धोटा कुठी आहे वो बाई?” धोटा म्हणजे मागावर आडवा धागा नेणारं साधन. शिकवणाऱ्या ताईंना प्रश्नच कळला नाही.

त्यांचा दोष नाही. ‘विणणे’ हे क्रियापदच ऐसपैस आहे. लुगडं विणतात, स्वेटर विणतात, सुतळीनं बाज विणतात, बुरूड टोपली विणतो, कोळी जाळं विणतो. ‘वीण’ तर कापडाचीही असते आणि पाखरांचीही. गोंदियाच्या सारसांचा विणीचा हंगाम आला की बातम्या येतातच. (माझ्या नातवानं अशी बातमी वाचून विचारलं होतं, सारस घरटं विणतात का? ते काम सुगरणीचं, हे सांगून सुटका करून घेतली.)

बोलताना यानं काही बिघडत नाही, कारण समोर वस्तू असते. पण ही कामं एकमेकांची भावंडंसुद्धा नाहीत. मागावर उभा ताणा बांधलेला असतो, त्यातून धोटा आडवा बाणा नेतो, फणी तो ठोकून बसवते. दोन सुयांच्या विणकामात बहुधा एकच धागा, फासातून फास काढत जातो. म्हणूनच स्वेटरचा सुटलेला धागा ओढला की ओळीच्या ओळी उसवतात, लुगड्याचं तसं होत नाही. क्रोशाला आकडीची एकच सुई. तो शब्द फ्रेंच, अर्थही ‘लहान आकडी’ असाच. आणि ज्याला आपण साधं कापड समजतो तो टी-शर्ट मागावरचा नसतोच. तोही फासांचा, फक्त यंत्रावर केलेला. आमच्याकडच्या करवतकाठी लुगड्याला तीन धोटे लागतात. ते बघितलेल्या माणसाला लोकरीचा रुमाल दाखवून ‘विणकाम’ म्हटलं तर तो हसणारच.

हसण्यावारी गेलं असतं तर पत्र लिहिलं नसतं. प्रशिक्षणाच्या शेवटी मिळालेल्या प्रमाणपत्रावर ‘विणकाम’ एवढंच छापलं होतं. शेजारची एक बाई ते घेऊन विणकरांच्या ओळखपत्रासाठी गेली. एका दिवसाची मजुरी आणि एस.टी.चं भाडं घालवल्यावर खिडकीवर कळलं की इथं हातमाग लागतो. तिनं मागावर दहा वर्षं कांड्या (धोट्यात बसणाऱ्या धाग्याच्या नळ्या) भरल्या आहेत, पण त्याचा कागद नाही. जो कागद आहे तो क्रोशाचा!

७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन असतो, २०१५पासून. एका पुरवणीत त्या दिवशीच्या लेखाबरोबर दोन सुया आणि लोकरीचा गुंडा असं चित्र होतं. ते मी मामाजींना दाखवलं नाही.

आपल्या वार्ताहरांना आणि सूचना काढणाऱ्या कार्यालयांना एवढीच विनंती, की ‘विणकाम’ लिहिताना पुढे कंसात एक शब्द घालावा: हातमाग, सुया की क्रोशा. क्रोशाचा वर्ग पुन्हा निघाला तर मी जाणार आहे; दाराचं तोरण अर्धंच झालं आहे.

– एक वाचक, ता. मोहाडी, जि. भंडारा