तेंडुलकरांचा ‘ड’

मा. संपादक,

रविवार पुरवणीतल्या नाट्यविषयक लेखात विजय तेंडुलकरांचे आडनाव दोनदा ‘तेंदुलकर’ असे छापले गेले आहे. हिंदीतला मजकूर तसाच उचलला की हे होते. हिंदीत हा ‘द’ शिरला तो बहुधा इंग्रजी स्पेलिंगवरून. रोमन ‘डी’ला द काय नि ड काय, सारखेच, त्यात तेंदूपत्ता ओळखीचा, त्यामुळे हात ‘द’कडेच वळतो. बरे, हिंदीला ‘ड’ जड जातो म्हणावे, तर अंडा, ठंडा, डंडा तिथे रोजचेच.

तेंदूच्या झाडाशी या आडनावाचा काही संबंध नाही. ते कुडाळ तालुक्यातल्या तेंडोली गावावरून आले. अशा नावांना ‘कर’ लागताना शेवटची ई बहुधा गळते : डिचोलीचे डिचोलकर, साखळीचे साखळकर, बोरीचे बोरकर. ‘एक शून्य बाजीराव’ लिहिणारे चिं. त्र्यं. खानोलकर यांचे आडनावही असेच, वेंगुर्ले तालुक्यातल्या खानोलीवरचे. तिथे ‘ओ’ टिकला. तेंडोलीचे मात्र ‘तेंडोलकर’ही झाले आणि ओचा उ होऊन ‘तेंडुलकर’ही.

‘द’ लिहिल्याने एक नव्हे, दोन वर्ण बिघडतात. अनुस्वाराचा उच्चार पुढच्या व्यंजनावर ठरतो : पुढे ड असेल तर ण्, द असेल तर न्. म्हणजे ‘तेण्डुलकर’चे थेट ‘तेन्दुलकर’ होते. ‘थंडी’ आणि ‘मंदी’ पाठोपाठ म्हणून पाहा. थंडीत जिभेचे टोक मागे वळून टाळूला लागते, मंदीत ते दातांवर टेकते. आडनाव म्हणायचे तें-डुल-कर असे तीन तुकड्यांत. ल आणि र दोन्ही पाय मोडल्यासारखे. पहिला त मात्र दातांवरचाच. क्रिकेटच्या इंग्रजी समालोचनात ऐकू येणारा ‘टें’ ही नेमकी उलटी चूक. आणि तेंडोलीत ल आहे, ळ नाही, तेव्हा ‘तेंडुळकर’ही नको.

मुद्रितशोधकांना एक सूचना. संगणकावर दुरुस्ती करताना ‘तेंदुलकर’ हा पूर्ण शब्द शोधून बदलावा. घाईत नुसत्या ‘तेंद’चे ‘तेंड’ केले, तर गडचिरोलीच्या बातमीत तेंडूपत्त्याचा लिलाव होईल.

– एक वाचक, कुडाळ