आधी मैलापाणी, मग घाट : पुणे महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका, शिवाजीनगर, पुणे

विषय : मुळा-मुठा नदीकाठ प्रकल्पातील कामांचा क्रम बदलण्याबाबत

महोदय, सप्रेम नमस्कार.

आपल्या कार्यालयापासून मुठा हाकेच्या अंतरावर आहे. महापालिका स्थानकातून डेक्कनकडे जाणारी मेट्रो काही अंतर नदीपात्रातल्या खांबांवरूनच जाते. एप्रिल-मे महिन्यात या गाडीच्या खिडकीतून खाली पाहिले की पात्राच्या मधोमध काळपट पाण्याचा एक पट्टा दिसतो. खांबांना अडकलेल्या चिंध्या आणि प्लास्टिक दिसते, कडेला जलपर्णी आणि राडारोड्याचे ढीग दिसतात. शेजारी बसलेले प्रवासी नाकाला रुमाल लावतात.

हे पाणी खडकवासल्याचे नाही. पावसाळा संपला की धरणाचे दरवाजे बंद होतात. साठलेले पाणी कालव्यातून शेतीला जाते आणि जलवाहिन्यांमधून आपल्या घरी येते. आपल्या घरचे सांडपाणी गटारातून पुन्हा पात्रात उतरते. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने मुठेत जे वाहते ते मुख्यतः या शहराचे मैलापाणी असते. नदीचे काहीही करायचे ठरवले तरी सुरुवात इथून करावी लागते, आणि महापालिकेने ती इथून केलेली नाही, हे सांगण्यासाठी हे पत्र.

जपानच्या जायका संस्थेच्या अर्थसाहाय्याने नदी प्रदूषणमुक्त करण्याचा करार जानेवारी 2016 मध्ये झाला. खर्च सुमारे 990 कोटी रुपये, त्यातला मोठा वाटा केंद्राचा. शहरात 11 नवी मैलाशुद्धीकरण केंद्रे उभारायची आणि रोज 396 दशलक्ष लिटर मैलापाणी शुद्ध करायचे, असे ठरले. कामाचे भूमिपूजन व्हायला मार्च 2022 उजाडले, आणि तोवर आकडा 1,470 कोटींवर गेला होता. त्याच दिवशी, 6 मार्च 2022 रोजी, पंतप्रधानांच्या हस्ते नदीकाठ प्रकल्पाच्या, म्हणजे काठ बांधून तिथे घाट आणि फिरण्याच्या जागा करण्याच्या कामाच्या, 9 किलोमीटरच्या टप्प्याचेही भूमिपूजन झाले. खर्च 1,080 कोटींहून अधिक. जे काम सहा वर्षे आधी मंजूर झाले होते आणि ज्याच्यावर दुसरे अवलंबून होते, ती दोन्ही एकाच दिवशी सुरू झाली. पुढे काठाचे काम डोळ्यांना दिसत गेले, आणि शुद्धीकरण केंद्रांच्या वाट्याला मुदतवाढ आली. गटार तुंबलेल्या घरात कोणी आधी नवी फरशी बसवायला घेत नाही.

मी नदीकाठी चालण्याच्या विरोधात नाही. बंडगार्डनच्या बाजूला तयार झालेल्या काठावर संध्याकाळी माणसे येतात, पायऱ्यांवर बसतात, मुले सायकली फिरवतात. या शहरात मोकळी जागा किती कमी उरली आहे हे मला ठाऊक आहे, आणि त्या माणसांचा आनंद खोटा नाही. पण संपूर्ण प्रकल्प 44 किलोमीटरचा आहे, त्याचा अंदाज 2,619 कोटींवरून 4,700 कोटींच्या घरात गेलेला आहे, आणि त्यात बंधारे घालून पात्रात पाणी धरून ठेवण्याची, नौकाविहाराची योजना आहे. कोणते पाणी धरून ठेवणार? अहमदाबादेत साबरमतीच्या काठाला जे रूप आले, त्यामागे नर्मदेच्या कालव्यातून आणलेले पाणी आहे. मुठेकडे अशी दुसरी नदी नाही. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या चारही धरणांचे पाणी शहराच्या तहानेला आणि खालच्या शेतीला आधीच वाटून दिलेले आहे. मैलापाणी पुरते शुद्ध होण्याआधी बंधारा घातला, तर आज जे वाहून जाते ते उद्या शहराच्या मध्यावर साचून राहील.

शुद्धीकरणाचा हिशेबही एकदा उघडपणे मांडायला हवा. जुन्या 10 केंद्रांची कागदावरची क्षमता रोज 567 दशलक्ष लिटर होती. त्यातले नायडू केंद्र नव्याने बांधण्यासाठी पाडले गेले. शिवाय केंद्राची क्षमता वेगळी आणि केंद्रापर्यंत पोचणारा मैला वेगळा. 2017 मध्ये 11 गावे आणि 2021 मध्ये 23 गावे महापालिकेत आली. तिथल्या इमारती भराभर उठल्या, मलवाहिन्या मात्र मागे राहिल्या. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात गुईलेन बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण झपाट्याने वाढले तेव्हा संशयाची सुई दूषित पाण्याकडेच गेली. मलवाहिन्या नसल्या की त्याची किंमत आधी विहिरीवर पाणी भरणारे चुकवतात, नदी त्यानंतर.

आणि नदी मुंढव्याला संपत नाही. मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसण्याच्या विहिरीतून, वर्षाला साडेसहा टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी बेबी कालव्यात सोडायचे, आणि त्या बदल्यात पुण्याला खडकवासल्यातून जास्तीचे पाणी मिळायचे, अशी व्यवस्था ठरलेली आहे. हवेली आणि दौंडचे शेतकरी ते पाणी उसाला, भाजीला देतात. उरलेली मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि पुढे उजनीत जाते. उजनीच्या पाण्यावर सोलापूर शहर पिते. आपल्या प्रकल्पाच्या सादरीकरणात या लोकांचा कुठेच वावर नाही. काठ पुण्याचा असेल, पण खाली जाणारे पाणी त्यांचे आहे, आणि या कामाचा विचार त्यांना धरूनच व्हायला हवा.

आता पुराबद्दल. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथे चूक झाली तर दुरुस्तीला वेळ मिळत नाही.

मुठेची निळी पूररेषा 60 हजार क्युसेकची (सेकंदाला 60 हजार घनफूट पाण्याची) आणि लाल रेषा एक लाख क्युसेकची धरलेली आहे. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 25 जुलै 2024 च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले तेव्हा धरणातला विसर्ग 35 हजार क्युसेकच्या आसपास होता. धरणाखालच्या ओढ्यांचे पाणी त्यात मिळाले हे मान्य. तरीही निळ्या रेषेच्या खूप आत राहायला हवे होते ते पाणी तळमजल्यावरची घरे बुडवून गेले. लोकांनी झोपलेली मुले उचलून वरच्या मजल्यांवर नेली. दुचाक्या, गाद्या, फ्रीज, औषधे, शाळेच्या वह्या सगळे चिखलात गेले. त्याच रात्री डेक्कनजवळ पुलाची वाडी इथे विजेच्या धक्क्याने तीन तरुण गेले. मग दोष कोणाचा यावर पाटबंधारे खाते आणि महापालिका यांच्यात शब्दाला शब्द लागला. रहिवाशांना त्या वादात रस नव्हता. कमी पाण्यात जास्त पूर का आला, एवढेच त्यांना कळायला हवे होते.

उत्तराचा एक भाग डोळ्यांसमोर आहे. पात्रात वर्षानुवर्षे राडारोडा पडला, भराव झाले, रस्ते झाले, पुलांचे आणि मेट्रोचे खांब उभे राहिले. विठ्ठलवाडी ते महामार्ग हा नदीपात्रातला रस्ता आठवून पाहा. निळ्या रेषेच्या आत भराव टाकून तो केला गेला, नागरिक हरित न्यायाधिकरणात गेले, आणि 2013 मध्ये तो भराव काढण्याचा आदेश झाला. करदात्यांचे पैसे भराव घालायला गेले आणि तो काढायलाही. त्या प्रकरणातून महापालिकेने धडा घेतला असेल, अशी माझी समजूत होती. नदीकाठ प्रकल्पात पुन्हा पात्राच्या कडेला मातीचे आणि दगडाचे काम येते आहे. काठ नीट आकारात आणल्याने आणि अडथळे काढल्याने पुराची पातळी वाढणार नाही, असे आपल्या सल्लागारांचे म्हणणे आहे. तसे असेल तर ते सिद्ध करणारे गणित लोकांसमोर ठेवा : कोणत्या वर्षांचा पाऊस धरला, जुलै 2024 चे पाणी त्यात घातले का, धरणाखालच्या मोकळ्या पाणलोटातून येणारा प्रवाह किती धरला, मुळा आणि मुठा दोन्ही एकाच वेळी फुगल्या तर संगमाच्या वर पाणी किती मागे फुगते. पूररेषा नव्याने आखण्याचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. त्या आखणीचे काम पुरे होण्याआधी काठ पक्का करून टाकणे म्हणजे उत्तर येण्याआधीच प्रश्न बंद करणे आहे.

पानशेतचा पूर, 12 जुलै 1961 चा, पाहिलेली माणसे अजून या शहरात आहेत. त्यांच्या पिढीला पात्रापासून किती लांब राहायचे हे सांगावे लागत नाही.

ओढ्यांची गोष्ट वेगळी नाही. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजकडून आंबिल ओढा फुगून आला. अरण्येश्वर परिसरातली टांगेवाला कॉलनी, सहकारनगर, दांडेकर पूल, सगळीकडे पाणी भिंती फोडून घुसले. शहर आणि परिसरात मिळून वीसहून अधिक माणसे गेली. त्यानंतर ओढ्याला सीमाभिंती बांधण्याची कामे निघाली. जून 2021 मध्ये, ऐन पावसाळ्यात, दांडेकर पुलाजवळच्या झोपड्यांवर कारवाई सुरू झाली आणि ती थांबवावी लागली. वर डोंगरउतारावर बांधकामांना परवानगी देत राहायचे आणि खाली ओढ्याला दोन भिंतींमध्ये कोंडायचे, याने पाणी कमी होत नाही, त्याचा वेग वाढतो. आणि ज्यांना घर सोडावे लागते ते नेहमी ओढ्याच्या कडेचेच असतात, उतारावरच्या सोसायटीतले नसतात.

झाडांबद्दल थोडक्यात. बाणेरला रामनदी आणि मुळा जिथे मिळतात तिथे काठावर वाळुंज आहे, करंज आहे, उंबर आहे. वाळुंजाच्या मुळांचे तांबूस झुपके थेट पाण्यात उतरलेले असतात. ती माती धरतात, पाण्याचा वेग मोडतात, माशांच्या पिल्लांना आडोसा देतात. हिवाळ्यात तिथल्या चिखलावर शेपटी हलवत धोबी पक्षी फिरताना दिसतात. हे झाड तोडून दुसरीकडे दहा रोपे लावली तर दहा रोपे होतात, काठ होत नाही. एप्रिल 2023 मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी 2025 मध्ये हजारो पुणेकर या झाडांसाठी रस्त्यावर आले. त्यांत आजीआजोबा होते, शाळेतली मुले होती, आयटीतली नोकरदार मंडळी होती. त्यांना विकासविरोधी म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण त्यांच्यातली कित्येक माणसे वर्षानुवर्षे सुट्टीच्या दिवशी हातमोजे घालून याच नदीतला कचरा उचलत आलेली आहेत. आपल्या खात्यांना त्यांच्याइतका हा काठ क्वचितच ठाऊक असेल.

मार्च 2022 पासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत महापालिकेला सभागृहच नव्हते. स्थायी समिती, मुख्य सभा आणि आयुक्त या तिघांचे अधिकार एकाच खुर्चीत होते. नदीकाठाचे बरेचसे निर्णय त्याच काळात पुढे गेले. नगरसेवक असते तर सगळे ठीक झाले असते असे मी म्हणत नाही. पण एकतानगरीतल्या माणसाला जाब विचारायला एक दार तरी असते.

आपल्याकडे माझे मागणे असे. मैलाशुद्धीकरणाची 11 केंद्रे पूर्ण क्षमतेने चालू होऊन एक अख्खा उन्हाळा नदीचे पाणी तपासले जाईपर्यंत काठाचे नवे टप्पे हाती घेऊ नका. जिथे काम सुरू झालेले नाही, तिथली झाडे आणि माती जशी आहेत तशी राहू द्या. प्रत्येक केंद्रात रोज किती मैला आला, किती शुद्ध होऊन बाहेर पडला आणि त्याची गुणवत्ता काय होती, याचे आकडे केंद्राच्या फाटकावर मराठीत लावा. भैरोबा नाल्याशेजारी राहणाऱ्या बाईला ते संकेतस्थळ न उघडता वाचता यायला हवेत. कायद्याप्रमाणे दर वर्षी 31 जुलैपूर्वी आपण पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभागृहासमोर ठेवता. यंदाच्या अहवालात मुळा-मुठेचे प्रकरण मलवाहिन्या नसलेल्या गावांच्या यादीपासून सुरू करा, आणि त्यावर सभागृहात चर्चा होऊ द्या.

शेवटचे मागणे पुराच्या गणिताबद्दल. त्याची जाहीर सुनावणी एकतानगरीत घ्या, पावसाळ्याआधी, संध्याकाळी सातनंतर, म्हणजे कामावरून परतलेली माणसे येऊ शकतील. आपले अभियंते, सल्लागार आणि पाटबंधारे खात्याचे अधिकारी एकाच टेबलावर असावेत. तारीख कळवलीत तर सभागृह मिळवण्यापासून खुर्च्या मांडण्यापर्यंतचे काम आम्ही रहिवासी करू.

आपला,
मुठेकाठचा एक करदाता